आत्यांच्या अंगठ्याला रेषा दे

पांडुरंगा, सगळे निजले. शिलाई मशीनवर चादर टाकली, दाराला कडी घातली आणि तुझ्यापुढं येऊन बसले. फार वेळ घेणार नाही. तुला पहाटे काकड्याला उठायचं असतं, मला पावणेसातची एसटी धरायची आहे.

मोठं काही मागत नाही. आत्यांच्या उजव्या अंगठ्याला रेषा दे. उद्या दुपारपर्यंत टिकतील एवढ्याच दे. आधार केंद्रातल्या मुलानं त्यांचा अंगठा काचेवर दाबला की त्या यंत्राला कळू दे, हा माणसाचा अंगठा आहे आणि हे माणूस माझी सासू आहे.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी सांगते. सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही.

दोन महिने झाले, रेशनच्या दुकानात आत्यांचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "आजी, पदराला पुसा." आत्या पुसतात. "आता ठेवा. जरा दाबून." ठेवतात. यंत्र नाही म्हणतं. मग डावा अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट, असं करत करत दहाही बोटं होतात. मागची रांग वाकून बघायला लागते. दुकानदार वाईट नाही, पांडुरंगा. तो त्यांचा अंगठा स्वतःच्या हातात धरतो, काच पुसतो, फुंकर घालतो. शेवटी म्हणतो, "मोबाइलवर ओटीपी पाठवतो, नंबर सांगा." आधारला जोडलेला नंबर मामंजींचा. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. ते सिम त्यांच्याही आधी बंद पडलं होतं. मामंजी तुझ्याजवळच असतील, तर विचार त्यांना, येतात का तिकडं ते आकडे. आले असतील तर स्वप्नात येऊन सांगा म्हणावं.

आत्या रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरतात आणि घरी येतात. पाच किलो धान्य. ते नाही मिळालं म्हणून आम्ही उपाशी राहत नाही, ते खरं. पण त्या पाच किलोंत त्यांचा घरातला मान आहे. "माझं धान्य आलं," असं त्या म्हणायच्या, महिन्यातून एकदा, जरा मोठ्यानं. दोन महिने झाले, तो आवाज मी ऐकला नाही.

थंडी पडली की आणखी वाईट. अंगठा उलतो, भेगांत माती बसते. आज संध्याकाळी कोमट पाण्यात त्यांचा हात भिजवला, खोबरेल चोळलं, आणि लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तो अंगठा नीट बघितला. नखाच्या कडेला काळी चीर. मधला भाग गुळगुळीत, पांढरट, झिजलेल्या जात्यासारखा. पूर्वी जातं असं झिजलं की टाकारी यायचा, छिन्नी-हातोडी घेऊन अंगणात बसायचा आणि टाकी लावून जायचा. दुसऱ्या दिवशी जातं परत दळायला लागायचं. माणसाच्या अंगठ्याला टाकी लावणारा कुणी मला माहीत नाही. तूच ये. बसायला पाट टाकते.

हळू हात लाव मात्र. त्यांना भेगा दुखतात.

ह्या रेषा कुठं गेल्या, ते तूही बघितलंस. आधारवर आत्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९४८ आहे. त्यांच्या वयाची निम्मी म्हातारी माणसं १ जानेवारीलाच जन्मली आहेत, खरी तारीख तुझ्या वहीत असेल. त्या हिशेबानं १९७२ च्या दुष्काळात त्या चोवीस वर्षांच्या. थोरले दीर पोटात. सरकारी कामावर खडी फोडली, पाझर तलावाच्या भिंतीवर पाट्या टाकल्या. मजुरी मिळायची, पोरांना सुकडी मिळायची, आणि रेशनला अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आत्या अजून तोंड वाकडं करतात आणि लगेच हात जोडतात. तिनंच जगवलं म्हणतात. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी ही अशीच कामं आणि आत्यांसारख्यांचे हात होते. आता बघ. सरकारच्या खडीनं रेषा खाल्ल्या आणि सरकारचंच यंत्र विचारतं, बाई, तू कोण?

राग येतो, पांडुरंगा. मग वाटतं, रागावू कुणावर? काचेला बहात्तर साल काय माहीत. तुला माहीत आहे. म्हणून तुझ्यापाशी.

आणि तुझेही पाय झिजलेत की. माणसांच्या हातांनी, कपाळांनी. एवढी शतकं एवढी माणसं डोकं टेकत आली, दगड झाला म्हणून काय झालं, झिजणारच. २०२० साली टाळेबंदीत देवळाची दारं मिटलेली होती, तेव्हा तुझ्या पायांना वज्रलेप दिला. ती बातमी मी आत्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी विचारलं, "दुखलं असंल का गं त्याला?" स्वतःच्या अंगठ्याचं त्या कधी बोलल्या नाहीत. तुझ्या पायांचं मात्र त्यांना वाईट वाटलं. त्या पायांवर त्यांचाही अंगठा टेकलेला आहे, वर्षानुवर्षं. थोडं तू त्यांना झिजवलंस, थोडं त्यांनी तुला. तेवढ्या ओळखीवर तरी ऐक.

आमची सगळी कागदपत्रं तुझ्या तसबिरीमागं असतात, हे तुला सांगायला नको. निळी प्लॅस्टिकची फाइल. दोन रेशनकार्डं, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले, आत्यांचा श्रावणबाळ योजनेचा मंजुरीचा कागद, यांच्या हृदयाच्या ऑपरेशनचे कागद, धाकटीचं सुकन्या समृद्धीचं पासबुक. रोज तुला हळदकुंकू वाहताना थोडं फाइलीवर पडतं. पासबुकावर कुंकवाचा डाग आहे. पोस्टातले बाबू बघून हसले होते. कधी मनात येतं, घराला आग लागली तर आधी तुला उचलीन की फाइल? खरं सांगू? फाइल. क्षमा कर. पण तू तिच्या पुढंच उभा आहेस, दोघं एकदमच याल हाताला.

उपकार विसरलेले नाही. तेही आज मोजू दे.

२०२१ साली यांच्या छातीत कळ आली. रात्री रिक्षात यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तुझं नाव घेत होते. त्या नावाच्या मधेच, पांडुरंगा, एक आकडा आला. दोन लाख. बँकेतून वर्षाला कापला जातो ना विम्याचा हप्ता, त्याचे दोन लाख. एकदाच आला मनात आणि गेला. पण आला. मी कुणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच. आज चार वर्षांनी तुझ्यापुढं ठेवते. भीतीनं माणूस हिशेब करायला लागतं, एवढंच मला त्यावर म्हणता येतं, आणि तेही पुरेसं नाही.

दवाखान्यात एका टेबलावर पाटी होती, आरोग्यमित्र. तिथं एक पोरगा बसलेला. मिशी नीट फुटलेली नव्हती. त्यानं केशरी कार्ड बघितलं, आधार बघितलं, म्हणाला, "ताई, महात्मा फुले योजनेत बसतंय. तुम्ही जाऊन पेशंटजवळ बसा." दीड लाखापर्यंतचं होतं तेव्हा. ऑपरेशनचा खर्च किती झाला, मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मला कुणी विचारलाच नाही. बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांना मंगळसूत्रातले दोन मणी आणि वाटी गेली, तो भाग वेगळा. त्याबद्दल मनात अढी आहे, ती काढून टाक. आणि तो पोरगा कुठं असेल तिथं त्याला बरी नोकरी दे. त्याला स्वतःला कायम केलं होतं की नाही, कोण जाणे. माझं कुंकू त्याच्या टेबलावरून परत आलं.

सुकन्येचं खातं २०१९ मध्ये अडीचशे रुपयांवर काढलं. वर्षाला कमीत कमी अडीचशे भरावे लागतात. एक वर्ष तेवढेही सुटले नाहीत, मग पन्नास रुपये दंड भरून खातं परत सुरू केलं. धाकटी विचारते, "माझ्याकडं किती पैसे झाले?" मी म्हणते, "पुष्कळ." हे खोटं तू खरं कर.

आणि ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या स्वतःच्या खात्यावर तीन हजार आले, राखीच्या तोंडावर, दोन महिन्यांचे एकदम. लाडकी बहीण. निवडणुका जवळ आल्या की आम्ही लाडक्या होतो, एवढं मला कळतं, देवा. पण पैसे खरे होते. बँकेच्या पासबुकावर माझं नाव आणि त्याखाली आकडा, यांना न विचारता आलेला. त्यातून मी चपला घेतल्या. पहिल्यांदा मापाच्या. तोवर थोरलीच्या जुन्या घालत होते, अंगठा बाहेर काढून.

एवढं सगळं मिळालं. आणखी मागताना लाज वाटत नाही का, असं तू विचारणार नाहीस. मीच विचारते. गेल्या काही वर्षांत मी फक्त मागतेच आहे. सेतू केंद्रात दाखला मागते, तलाठी कार्यालयात सही मागते, शाळेत बोनाफाइड मागते, झेरॉक्सवाल्याकडं उरलेले दोन रुपये मागते. फोनवर केवायसी करायची तर नेटवर्क मागते. हात पसरून पसरून हाताला तसंच वळण लागलं. मग तुझ्यापुढं हात जोडले तरी ते आपोआप उघडतात. हे वळण मोड. जे हक्काचं आहे ते मागताना मान खाली जाऊ देऊ नकोस, आणि जे हक्काचं नाही त्याला हात लागू देऊ नकोस.

इथून पुढं जे सांगायचं आहे, त्यासाठीच आज बसले आहे.

आत्यांना पेन्शन व्हावी म्हणून आम्ही त्यांचं रेशनकार्ड वेगळं काढलं. घर एक, चूल एक, कागदावर दोन. उत्पन्नाची अट वर्षाला एकवीस हजार. दिवसाला साठ रुपयेही होत नाहीत. एवढ्यात म्हातारं माणूस जगतं असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी कधी बाजारात मिरच्या तरी घेतल्यात का? ते आकडा बदलत नाहीत, आम्ही खोटं बोलायला शिकलो. यात कुणाचं पाप किती, ते तू वाटून दे. माझ्या वाटणीचं मी इथं ठेवते. चौकशी करणाऱ्या माणसापुढं जाऊन आत्यांना एक वाक्य म्हणायचं होतं. आम्ही आदल्या रात्री त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यांनी म्हटलं, "मुलगा बघत नाही." मुलगा दारात उभा होता, मोटरसायकल धरून. घरी येईपर्यंत मायलेकरं एकमेकांशी बोलली नाहीत. रात्री यांनी जेवणाचं ताट घेऊन आत्यांच्या खोलीत जाऊन तिथंच जेवण केलं. आत्यांनी यांच्या भाकरीवर आपल्या वाटणीचं लोणी घातलं. एवढीच माफी झाली.

पण पेन्शन झाली. महिन्याला पंधराशे. पहिले पैसे आले तेव्हा आत्यांनी तुझ्यापुढं अकरा रुपये ठेवले आणि धाकटीला बर्फाचा गोळा दिला. तेव्हापासून त्या महिन्याच्या महिन्याला मला विचारतात, "आलं का गं?" एटीएमचं कार्ड फाइलीत, पिन मला पाठ. काढून आणायचे, त्यांच्या हातावर ठेवायचे. त्या नोटा मोजत नाहीत, नुसत्या हाताळतात.

यंदा तीन महिने काही आलं नाही आणि मग नवरात्रात तिन्ही महिन्यांचं एकदम आलं. साडेचार हजार. त्याच आठवड्यात थोरलीचा फार्मसीला नंबर लागला. मुलींची फी २०२४ पासून सरकार भरतं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की. तो कागद होता आपल्याकडं. (त्याच घराचे दोन दाखले, पांडुरंगा, एक आत्यांचा आणि एक थोरलीचा, दोन्ही तुझ्या पाठीमागं एकमेकांना चिकटून बसलेत.) फी माफ झाली. खोलीचं डिपॉझिट माफ नव्हतं. मेसचा पहिला महिना माफ नव्हता. पांढरा एप्रन, चादर, बादली, बसचा पास, काहीच माफ नव्हतं. यांचा कारखान्याचा सीझन अजून सुरू व्हायचा होता, वजनकाटा बंद. माझे पंधराशे बचत गटाच्या हप्त्याला गेलेले. मी एटीएमपुढं उभी राहिले, आत्यांचं कार्ड घातलं आणि साडेचार हजार काढले.

हे पाप नाही, असं अजून वाटतं मला. नातीसाठीच गेले. विचारलं असतं तर आत्यांनी कानातलीही काढून दिली असती.

विचारलं नाही, ते पाप.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आलं का गं?" आणि मी, भाकरी थापत, मागं न बघता म्हणाले, "नाही आलं अजून. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात बघू! हे वाक्य माझं नव्हतं, देवा. हे खिडकीतलं वाक्य. उन्हात दोन तास उभं राहिल्यावर आतून जे ऐकू येतं, मान वर न करता, ते. मी ते एवढ्या वेळा ऐकलं होतं की माझ्या तोंडात त्याच आवाजात आलं. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढं, मी एक खिडकी झाले आणि समोर एक म्हातारी पदर सावरून उभी.

आत्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, "येईल की. सरकारला काय आपण एकटीच हाव का?"

त्यांना ते पैसे कार्तिकीसाठी हवे होते. त्यांचं एसटीचं तिकीट शून्य रुपयांचं असतं, पंचाहत्तरीच्या पुढं सरकारनं प्रवास फुकट केला आहे. कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो आणि आत्या ते पदराच्या गाठीत जपून ठेवतात. पण पंढरपुरात चार दिवस राहायचं, माळकऱ्यांना फराळ द्यायचा, तुझ्यापुढं काही ठेवायचं, येताना चुरमुरे-बत्तासे, बुक्का. "मोकळ्या हातानं कसं जायचं?" असं म्हणाल्या आणि पिशवी परत खुंटीला अडकवली. मामंजी गेले त्या वर्षीही त्यांनी कार्तिकी चुकवली नव्हती. ह्या वर्षी मी चुकवली. तुझी वारकरीण मी घरी बसवली, पांडुरंगा, साडेचार हजारांवर.

एकादशीला त्यांनी निर्जळी केली. संध्याकाळी ह्याच तसबिरीला तुळस वाहिली आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. मी चोरासारखी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांच्यापुढं तू, तुझ्यामागं फाइल, फाइलीत त्यांचं कार्ड, आणि कार्डाला गुंडाळलेली एटीएमची पावती. सगळं एका वितीच्या आत. तू तेव्हाच का बोलला नाहीस? कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिलास. बोलला असतास तर आज मला बोलावं लागलं नसतं.

नको, तक्रार नाही. तू मला वेळ दिलास, असं धरते.

त्या दिवसापासून पैसे साठवते आहे. दिवाळीचे ब्लाऊज, फॉल-पिको, शेजारच्या लग्नातल्या नऊवारी. तांदळाच्या डब्यात तळाशी पिशवीत ठेवलेत. आज मोजले. तीन हजार नऊशे. सहाशे कमी. पूर्ण झाले की सांगीन, असं ठरवलं होतं. पण संध्याकाळी त्यांचा अंगठा चोळत होते तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "उद्या अंगठा लागला की बँकेचंबी बघू, अडकलं असंल कुठंतरी." उद्या त्या बँकेत जातील. खिडकीपुढं उभ्या राहतील. खिडकीतलं माणूस पासबुक छापून देईल आणि त्यात तारीख असेल. त्यांना वाचता येत नाही. ते माणूस वाचून दाखवील. त्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळू दे.

मला धीर दे. लहानसाच दे. देवघरापासून त्यांच्या अंथरुणापर्यंत आठ पावलं आहेत, तेवढ्या पुरता.

उद्याचं मात्र सांभाळ. एसटी वेळेवर येऊ दे. आधार केंद्रात लाइट असू दे, सर्व्हर चालू असू दे. रांगेत आत्यांना बसायला जागा मिळू दे. यंत्रापुढचा मुलगा शांत असू दे, त्याचं आदल्या रात्री घरात कुणाशी भांडण झालेलं नसू दे. आत्यांच्या आधारला माझा नंबर जोडला जाऊ दे, म्हणजे अंगठा पुन्हा रुसला तरी आकडे माझ्याकडं येतील, मी त्यांना वाचून दाखवीन. खरे वाचून दाखवीन. तिथं बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या बोटांना रेषा दे. फक्त आमच्या नको.

खिडकीतल्या माणसांनाही बघ. दिवसभर नाही म्हणायचं काम सोपं नसेल. मी एकदाच केलं आणि दीड महिना झाला, घास गोड लागत नाही.

यांचं हृदय चालू ठेव. ऊस भरपूर येऊ दे, काटा रात्रीचाही चालू दे, पण यांना जागरण झेपू दे. थोरली मेसचं जेवण जेवते म्हणते फोनवर, ते खरं असू दे. धाकटीला गणित येऊ दे. आणि कधीतरी ह्या सगळ्या याद्यांतून आमची नावं गळू देत, पांडुरंगा. कागद कमी पडला म्हणून गळू नयेत, अंगठा लागला नाही म्हणून तर नाहीच नाही. गरज उरली नाही म्हणून गळावीत. त्या दिवशी फाइल तुझ्यामागून काढीन आणि तुला भिंतीला नीट टेकता येईल. दाटीत उभा आहेस बिचारा इतकी वर्षं.

आतून खोकल्याचा आवाज आला. ऐकलंस? आत्या जाग्या आहेत. उद्याच्या अंगठ्याच्या काळजीनं त्यांनाही झोप लागलेली नाही. आता हाक मारतील, "पोरी, अजून जागीच?"

आधी पैसे हातावर ठेवू की आधी सांगू? आधी सांगते. नोटा हातात असल्या की त्या मला बोलूच द्यायच्या नाहीत.

निरांजन तेवढं तेवू दे, तेल आहे अजून. मी तांदळाचा डबा काढते.